रिले टरटरतोय म्हणून रिले बदलू नका: घरी बांधलेल्या बॅटरी चार्जरची तपासणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शिरोळ तालुक्यात मळ्यात राहता. ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी घरीच चार्जर बांधलाय: १५ व्होल्ट ५ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एलएम ३५८ वर (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या आयसीवर) चालणारा ऑटो-कट रिले. ओसरीतून ट्रॅक्टरपर्यंत पाऊण स्क्वेअरची (०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची) ३ मीटर वायर ओढलीय. बॅटरी न लावता मीटर २१ व्होल्ट दाखवतो, म्हणून धास्ती वाटते. बॅटरी लावली की अर्ध्या तासात रिले टर-टर वाजायला लागतो; दोन रिले बदलून झाले, फरक नाही. संध्याकाळी करंट निम्मा दिसतो, रात्री वाढतो. आणि याच चार्जरला फवारणी पंपाची ८ अँपियर-अवरची बॅटरी लावली तर ती तासाभरात तापून फुगली.

माझा धंदा कोल्हापूरच्या उद्यमनगरात इन्व्हर्टर-चार्जर दुरुस्तीचा. असे घरी बांधलेले चार्जर टेबलावर कायम येतात आणि बहुतेकांचं दुखणं सारखंच असतं: पार्ट चांगले असतात, मोजलेलं चुकीच्या जागी किंवा चुकीच्या वेळी असतं. तुमचा एलएम ३५८ जसा जोडलाय तसाच इमानदारीत वागतोय. त्याला जे दिसतंय ते बॅटरीचं व्होल्टेज नाहीये, एवढंच.

आधी २१ व्होल्टचं. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १५ व्होल्ट एसीचे. त्याचं शिखर १.४१४ पट, म्हणजे २१.२. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड चालतात, त्यांत साधारण १.४ जातात. उरले १९.८. शिवाय लोड नसताना ट्रान्सफॉर्मर लिहिल्यापेक्षा थोडं जास्तच देतो. कपॅसिटर शिखरापर्यंत भरून बसतो आणि मीटर तेच दाखवतो. त्यामुळे २१ हा आकडा बरोबर आहे. बॅटरी लावली की हेच टोक १३-१४ वर येणार, कारण आता व्होल्टेज बॅटरी ठरवते. बॅटरीशिवाय चार्जरचं व्होल्टेज मोजून चार्जर चांगला की वाईट हे ठरवताच येत नाही.

पण तो कपॅसिटर मात्र तिथून काढा. लेड-ॲसिड बॅटरीला गुळगुळीत डीसी लागत नाही, ब्रिजमधून निघणाऱ्या १०० हर्ट्झच्या ठोक्यांवर ती मजेत चार्ज होते. बॅटरी जोडलेली असताना तुमचा कपॅसिटर तिला समांतर नुसता बसून असतो, काही काम करत नाही. काम करतो तो भलत्या वेळी. रिले उघडला की कपॅसिटर २१ व्होल्टला भरतो, आणि रिले परत बसला की ते सगळं एका झटक्यात १३ व्होल्टच्या बॅटरीत रिकामं होतं. प्रत्येक ‘टर’ला संपर्कावर एक ठिणगी. काढून टाकलेल्या रिलेंपैकी एकाचं प्लॅस्टिकचं टोपण ब्लेडने उघडून बघा. चांदीसारखा चमकणारा ठिपका काळा पडून त्याला खड्डा पडलेला दिसेल, आणि समोरच्या पत्तीवर तेवढाच उंचवटा. यापुढची पायरी म्हणजे संपर्क चिकटणं. तेव्हा टरटर बंद होते, माणूस खूश होतो, आणि ऑटो-कट कायमचा बंद पडलेला असतो. रात्रभर बॅटरी उकळते ती अशी.

कपॅसिटर काढल्यावर मीटर बॅटरीशिवाय बारा-साडेबारा व्होल्टच दाखवेल. मीटर डीसीवर सरासरी दाखवतो आणि बिनकपॅसिटरच्या ब्रिजची सरासरी एसीच्या ०.९ पट असते, त्यातून डायोडचे वजा. ‘बाराच व्होल्ट येतात, बॅटरी काय चार्ज होणार’ म्हणून घाबरून तो परत लावू नका. शिखर अजून वीसच्या आसपासच आहे, आणि करंट शिखरामुळे जातो.

आता टरटर. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, चार्जर चालू, बॅटरी लावलेली, ॲमीटरवर ४-५ अँपियर दिसतोय अशा वेळी. एक प्रोब चार्जरच्या प्लस टर्मिनलवर, दुसरा थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर. क्लिपवर नाही, खुंटावर. आलेला आकडा म्हणजे त्या बाजूच्या वायरीत आणि क्लिपमध्ये हरवलेलं व्होल्टेज. तसंच मायनसच्या बाजूला. दोन्हींची बेरीज करा.

पाऊण स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण २६ मिलिओहम रोध असतो. जायला ३ मीटर, यायला ३, म्हणजे ६ मीटरचे ०.१५ ओहम. त्यातून ५ अँपियर गेले की पाऊण व्होल्ट वायरीतच संपला. क्लिपवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आणखी पाव-अर्धा. म्हणजे तुमच्या एलएम ३५८ ला १४.४ दिसतात तेव्हा बॅटरीच्या खुंटांवर जेमतेम साडेतेरा असतात. त्याने रिले ओढला, म्हणजे चार्जिंग तोडलं; करंट थांबला. करंट शून्य झाल्यावर वायरीतला फरकही शून्य, मग त्याला एकदम १३.३ दिसले. ‘अरे, बॅटरी तर उतरली’ म्हणून त्याने रिले सोडला. करंट सुरू, परत १४.४. हे सेकंदाला अनेकदा चालतं, त्यालाच आपण टरटर म्हणतो. तिसरा रिले टाकला तरी हेच होणार.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करायला हवेत. पहिला, वायर ४ स्क्वेअरची घ्या. त्याच अंतराला नुकसान ०.१५ व्होल्टवर येतं. क्लिप पितळी किंवा तांब्याच्या, आणि वायर क्लिपला नुसती पिळून नाही, झाळून. काही जण खुंटांपासून सेन्सिंगच्या दोन बारीक वायरी वेगळ्या आणतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, पण ट्रॅक्टरच्या धबडग्यात ती प्लसची बारीक वायर निसटली की चार्जरला समोर शून्य व्होल्ट दिसतात आणि तो थांबायचं नावच घेत नाही. तुमच्या जागी मी वायर जाड करून गप्प बसेन.

दुसरा उपाय हिस्टेरिसिसचा. म्हणजे बंद होण्याचं आणि परत सुरू होण्याचं व्होल्टेज वेगळं ठेवणं. वायर कितीही जाड केली तरी पूर्ण चार्ज झालेली बॅटरी करंट थांबताच १४.४ वरून हळूहळू १३ च्या खाली येतेच. तो तिचा धर्म. तुमच्या सर्किटमध्ये एकच उंबरठा असल्यामुळे अलीकडे-पलीकडे नाच चालतो. एलएम ३५८ च्या पिन २ वर ५.६ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड) असू द्या. पिन ३ वर बॅटरीचं व्होल्टेज विभागून आणा: वर १० के (१० किलोओहम) आणि १० के चा प्रीसेट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर), खाली १० के. पिन १ म्हणजे आउटपुट. पिन १ ते पिन ३ मध्ये १२० के चा एक रेझिस्टर टाका. मग बंद होणं १४.४ ला आणि परत चालू होणं १३.१ च्या आसपास होईल. १०० के टाकलात तर दरी आणखी रुंदावते, चालतं. पिन ३ आणि ग्राउंडमध्ये ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही लावा, नाहीतर १०० हर्ट्झच्या प्रत्येक ठोक्याचं टोक पकडून तो लवकर कापेल.

हा हिशेब आयसीला स्थिर १२ व्होल्ट मिळतात असं धरून आहे. त्यासाठी ब्रिजच्या प्लसवरून एक ४००७ डायोड, मग ४७० मायक्रोफॅरड, मग ७८१२ (स्थिर १२ व्होल्ट देणारा रेग्युलेटर), आणि त्यावर आयसी आणि रिलेची कॉइल. रिले ओढणाऱ्या ट्रान्झिस्टरसाठी कॉइलला उलटा ४००७ लावलाय ना? तुमच्या फोटोत मला तो दिसला नाही. तो नसेल तर कॉइल सुटतानाच्या झटक्याने ट्रान्झिस्टर आज ना उद्या जातोच.

प्रीसेट लावायचा तो बॅटरी चार्ज होत असताना, मीटर खुंटांवर ठेवून. १४.४ दिसले की रिले ओढेपर्यंत हळू फिरवा आणि नेलपॉलिशचा ठिपका देऊन सील करा. एप्रिल-मे मध्ये बॅटरी ४० अंशांवर असते तेव्हा हा आकडा १४.१ बरा, २५ अंशांच्या वर दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीमागे साधारण २० मिलिव्होल्ट कमी करतात. आपल्याकडे पावसाळ्यात उघडे प्रीसेट गंजून उड्या मारतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आलेल्या चार्जरांत तर निम्मं काम प्रीसेट बदलण्याचंच होतं. बंद डबीचा मल्टीटर्न थोडा महाग पडतो, पण इथे तोच घ्या.

इतकं करूनही बॅटरी पाच-दहा मिनिटांत १४.४ ला पोचून चार्जर कापत असेल, आणि तेही खुंटांवर मोजून, तर मग चार्जरला सोडा आणि बॅटरीकडे वळा. पाण्याची पातळी प्लेटच्या खाली गेलीय का बघा. महिनोन्‌महिने उतरलेली पडून असेल तर प्लेटवर सल्फेट धरतं, आतला रोध वाढतो, व्होल्टेज पटकन चढतं आणि हेडलाइट लावला की धपकन पडतं. उलटाही प्रकार असतो: रात्रभर लावूनही १४.४ कधी येतच नाही, १२ च्या आसपास अडकतं, पाच घरांत (सेलमध्ये) बुडबुडे आणि एक घर शांत. ते घर आतून शॉर्ट झालंय. अशा बॅटरीवर कुठलाच ऑटो-कट काम करणार नाही, कारण त्याला हवा तो आकडा येणारच नाही. उरलेली पाच घरं उकळत राहतील. हायड्रोमीटरने प्रत्येक घरातल्या ॲसिडची घनता तपासा. एका घराची घनता बाकीच्यांपेक्षा ठळक कमी आली की निकाल लागला. ही बॅटरी जुनी देऊन नवी घ्यावी, तिच्यासाठी सर्किटशी झटापट करू नये.

संध्याकाळ-रात्रीचा फरक हा तर फॉल्टच नाही. नदीकाठच्या उसाच्या मोटारी एकदम सुरू असतात तेव्हा मळ्यातल्या लाइनला २३० कुठले यायला? १९० आले असं धरा. मग ट्रान्सफॉर्मरचे १५ चे १२.४ होतात, शिखर १७.५, डायोड वजा जाता १६.१. बॅटरी १२.५ वर असेल तर ढकलायला उरले फक्त ३.६ व्होल्ट. २३० ला हेच ७.३ असतात. मेन्स १७ टक्के घसरला आणि करंट निम्मा झाला. रात्री मोटारी बंद पडून लाइन २५० ला गेली की ढकलायला ९ च्या वर मिळतात, करंट पाव पट वाढतो. रेग्युलेटर नसलेल्या कुठल्याही चार्जरचं हे असंच. ट्रॅक्टरच्या ७५-८० अँपियर-अवरच्या बॅटरीला ४ काय, ६ काय, फरक पडत नाही. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट तिला बरा असतो. मात्र ट्रान्सफॉर्मर ५ अँपियरचा आहे. रात्री हात लावून बघा. हात ठेवता येत नाही इतका तापत असेल, वार्निशचा वास येत असेल, तर प्लसच्या वायरीत हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाका. करंट आवरतो, आणि क्लिप एकमेकांना लागल्या तर बल्ब भगभगून सांगतो. त्यानेही भागत नसेल तर उद्यमनगरात ट्रान्सफॉर्मर भरून देणारे आहेत, त्यांच्याकडून ८ अँपियरचा भरून घ्या.

ट्रान्सफॉर्मर लोड नसतानाही तापत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. सिरीज बोर्डवर घ्या, म्हणजे २३० च्या वाटेत ६० वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. ब्रिज सोडवून नुसता ट्रान्सफॉर्मर लावल्यावर बल्ब जेमतेम लालसर किंवा विझलेला राहिला पाहिजे. लख्ख पेटला तर वाइंडिंग आतून शॉर्ट आहे. ट्रान्सफॉर्मर ठीक निघून ब्रिज जोडल्यावर पेटला तर ब्रिजमधला एक डायोड शॉर्ट. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून चारही तपासा. एका दिशेने ०.५ ते ०.७ आणि उलट दिशेने काहीच नाही असं यायला हवं. एक डायोड उघडा पडलेला असेल तर फ्यूज उडत नाही, सगळं चालू दिसतं. फक्त करंट निम्मा होतो आणि ट्रान्सफॉर्मर घुमायला-तापायला लागतो. हा फॉल्ट फसवा आहे. मेन्सचं काम करताना प्लग काढून करा, हे वेगळं सांगायला नको.

राहिली पंपाची बॅटरी. तिला तुम्ही मारलीत ती करंटने. ८ अँपियर-अवरची सीलबंद बॅटरी, तिला सुरुवातीला जास्तीत जास्त दोन-सव्वादोन अँपियर झेपतात. तुम्ही पाच-सहा घातले. आत तयार झालेला वायू तिला पचवता आला नाही, गरम झाली, गरम झाल्याने आणखी करंट ओढला, आणि प्लॅस्टिक फुगलं. काही जण वरची पट्टी उचकटून रबरी टोप्या काढून पाणी घालतात. थोड्या सुकलेल्या बॅटरीत कधी कधी थोडा जीव येतो, पण फुगलेलीत नाही. ती परत लावू नका.

नव्या बॅटरीसाठी सगळ्यात स्वस्त तोड: याच चार्जरच्या प्लसमध्ये इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये. करंट एक अँपियरच्या आसपास येतो. पण ऑटो-कटवर नजर ठेवावी लागते. रोजचा पंप वापरणार असाल तर एलएम ३१७ चं (हवं ते व्होल्टेज लावता येणाऱ्या रेग्युलेटरचं) वेगळं छोटं बोर्ड बांधा. मघाशी काढलेला ४७०० चा कपॅसिटर त्याच्या इनपुटला लागेल, तिथे तो हवाच. ट्रान्सफॉर्मर तोच चालतो, कारण एक अँपियरला कपॅसिटरवरचं व्होल्टेज १८ च्या खाली फारसं जात नाही. हे २३० चं झालं; संध्याकाळच्या १९० वर ते पुरणार नाही, तेव्हा हा चार्जर रात्री लावा. एलएम ३१७ ला स्वतःसाठी दोन-अडीच व्होल्टची फट लागते. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर हे बोर्ड बांधणाऱ्यांचं सगळं इथेच अडतं.

३१७ च्या आउट आणि ॲडजस्ट या पिनांमध्ये २२० ओहम, ॲडजस्ट ते ग्राउंड २ के आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ५०० ओहमचा प्रीसेट. रेंज साधारण १२.७ ते १५.६ मिळते. नुसता ५ के चा प्रीसेट लावू नका. त्याचा मधला पाय सुटला तर ॲडजस्ट पिन अधांतरी राहते आणि आउटपुट थेट वर चढतं. मधला पाय एका कडेच्या पायाशी जोडून टाकला आणि बाकीचा रोध पक्का ठेवला, तर बिघडून बिघडून पंधराच्या वर थोडं जाईल, बॅटरी वाचेल. आउटपुटला ५८२२ शॉट्की डायोड सिरीजमध्ये घाला आणि व्होल्टेज त्याच्या पुढे, बॅटरीच्या टोकांवर सेट करा. रात्रभर लावून विसरायची सवय असेल तर १३.८, समोर बसून चार्ज करणार असाल तर १४.४. इथेही २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये असू द्या, करंटची चिंता मिटते. बल्बामुळे शेवटचा टप्पा हळू जातो, जाऊ दे.

३१७ ला ॲल्युमिनियमचं चांगलं जाड हीटसिंक. उतरलेल्या बॅटरीवर त्यात ७-८ वॅट उष्णता होते. हीटसिंक छोटं असेल तर तो स्वतःला गप्प करतो, थंड झाला की परत सुरू होतो, आणि तुम्ही ‘करंट येतोय-जातोय’ म्हणून सोल्डरिंग तपासत बसता. त्याची धातूची पाठ आउटपुटला जोडलेली असते, म्हणून लोखंडी डब्याला स्क्रू करताना अभ्रकाची चकती आणि प्लॅस्टिकचा बुश विसरू नका.

दोन्ही चार्जरांना बॅटरीच्या बाजूला फ्यूज हवा: ट्रॅक्टरवाल्याला १० अँपियरचा गाडीतला पात्याचा, पंपवाल्याला ३ चा. मेन्सचा फ्यूज बॅटरी उलटी लागल्यावर काही वाचवत नाही. उलट्या बॅटरीचा करंट ब्रिजमधून सरळ वाट काढतो आणि ब्रिज फुटतो. क्लिप लावताना आधी बॅटरी, मग मेन्सचं बटण. काढताना आधी बटण. चार्जिंगच्या शेवटी बॅटरी हायड्रोजन सोडते, हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो, आणि ठिणगी नेमकी खुंटावरच पडते. दारं बंद करून गोठ्यात चार्जिंगला लावू नका. आणि ई-बाइकच्या किंवा कुठल्याही लिथियम बॅटरीला हा चार्जर दाखवायचाही नाही, अगदी ‘१२ व्होल्टच आहे’ असं कोणी म्हणालं तरी.

आधी वायर आणि १२० के, मग बाकीचं. ते झाल्यावर मला चार आकडे कळवा: चार्जिंग चालू असताना खुंटांवरचं व्होल्टेज, त्याच क्षणी चार्जरच्या टर्मिनलवरचं, त्या वेळचा करंट, आणि चार्जर काढून रात्रभर ठेवल्यानंतर सकाळी बॅटरीचं. सकाळचा आकडा १२.६ च्या खाली आला तर घरा-घराची हायड्रोमीटरची रीडिंगही पाठवा.